दोष यंत्राचा की डब्याचा?



परवा आमच्या घरात एका श्रीखंडाच्या डब्यावरून सासू-सुनेत अबोला झाला. सासू म्हणजे मीच, म्हणून ही गोष्ट तुमच्यापुढे मांडताना जरा लाज वाटते. पण हे सदर वाचणाऱ्या तुम्ही साऱ्या घरच्याच. आणि ज्या गोष्टीवरून आमचं वाजलं ती आज ना उद्या तुमच्याही घरात येईल. काहींच्या घरात आलीही असेल. तेव्हा लाज बाजूला ठेवून सांगते.

आमची सून तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते. सकाळी सातची एस. टी. धरते ती दिवेलागणीला घरी. गेल्या दिवाळीत मुलानं घरात मायक्रोवेव्ह आणला. वीज लावायची, कळ दाबायची, दोन मिनिटांत भाजी गरम. पहिल्यांदा मी नाक मुरडलं. मग हळूहळू मलाही त्याची सवय झाली. दिवसभर शेतात वाकून आल्यावर पुन्हा चूल पेटवा, पातेलं चढवा, बूड लागू नये म्हणून ढवळत बसा, हे कुणाला हवंय?

त्या दिवशी सकाळी मी भरल्या वांग्यांचं कालवण केलं होतं. दाण्याचा कूट, चिंच-गूळ आणि वर बोटभर तेलाचा तवंग. उरलेलं कालवण श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. सुनेनं संध्याकाळी तो डबा उचलला आणि तसाच यंत्रात घातला. चार मिनिटांनी काढला तर डब्याची एक बाजू उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखी आत बसलेली. कालवण दुसऱ्या भांड्यात ओतलं, तेव्हा आतून दिसलं, की तेलाचा काठ जिथं लागला होता तिथं गोल रेघ उमटली आहे. बोट फिरवलं तर खरखरीत. वासही निराळाच येत होता.

नेमका त्याच आठवड्यात मोबाइलवर मी एक निरोप वाचला होता. मायक्रोवेव्हमध्ये प्लॅस्टिक ठेवलं की डायॉक्सिन नावाचं विष सुटतं आणि कर्करोग होतो, असं त्यात होतं. माझा नातू चौदा महिन्यांचा. त्याची दुधाची बाटलीही याच यंत्रात गरम होते, हे आठवलं आणि माझा तोल गेला. म्हटलं, ‘‘हे यंत्र उद्याच्या उद्या घराबाहेर काढा. माझ्या नातवाच्या पोटात विष जायला नको.’’

सून शांतपणे म्हणाली, ‘‘आत्या, यंत्राला नावं ठेवता, पण बांधावर गड्यांना गरम चहा तुम्ही कशातून नेता?’’

बायांनो, मी चहा पॉलिथीनच्या पिशवीतून नेते. पिशवीच्या तोंडाला दोरा गुंडाळायचा आणि बोटाला अडकवून चालू लागायचं. गेली पंधरा-वीस वर्षं असाच नेते आहे. मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की माणूस रुसतो. दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. हुरडा खायला माझी भाची आली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिला शेतातल्या आगटीपाशी बसवलं आणि दोघींनी आपापलं गाऱ्हाणं मांडलं. ती हसली आणि म्हणाली, ‘‘मावशी, तुझंही अर्धं खरं आणि वहिनीचंही अर्धं खरं. दोघींची अर्धी-अर्धी जोडली तर पुरती गोष्ट होईल.’’ तिनं जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. तेच आज तुम्हांला सांगते आहे.

आधी यंत्राचं. हे यंत्र काही आभाळातून पडलेलं नाही. अमेरिकेत रडारची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात पर्सी स्पेन्सर नावाचा गृहस्थ काम करी. १९४५ साली रडारच्या लहरी सोडणाऱ्या नळीपाशी तो उभा असताना त्याच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली, असं सांगतात. त्यातून त्याला ही युक्ती सुचली. १९४७ साली पहिलं यंत्र विक्रीला आलं ते माणसाएवढं उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचं होतं. आज ते आपल्या फळीवर मावतं.

त्यातल्या लहरी रेडिओच्या लहरींच्याच जातीच्या असतात. अन्नातल्या पाण्याच्या कणांना त्या क्षणाक्षणाला गदगदा हलवतात. दोन्ही तळवे एकमेकांवर घासले की ऊब येते ना? तसंच काहीसं अन्नाच्या आत होतं आणि अन्न तापतं. कळ बंद झाली की लहरी संपल्या. अन्नात मागं काही उरत नाही. दाराच्या काचेत जी बारीक जाळी दिसते ती लहरींना बाहेर येऊ देत नाही. दार नीट बसत नसेल, जाळी फाटली असेल किंवा बिजागरी खिळखिळी झाली असेल, तर मात्र यंत्र वापरू नये. बाकी ‘यंत्रात किरणं असतात आणि ती अन्नात शिरून बसतात’ ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही.

मग डबा का वितळला? प्लॅस्टिकला या लहरी फारशा तापवत नाहीत. त्याला तापवतं ते आतलं अन्न. पाणी उकळलं की शंभर अंशांवर थांबतं. त्याच्या वर जात नाही. तेल थांबत नाही. तळणीच्या कढईत पाण्याचा थेंब पडला तर कसा चटचटतो ते आपण रोज बघतो. तेलाचा तवंग, तुपाचा थर, गुळाचा पाक हे जिथं डब्याला चिकटतात तिथं प्लॅस्टिक शंभर अंशांच्याही वर भाजलं जातं. आमच्या डब्यावर तेलाच्या काठाची रेघ उमटली ती त्यामुळं.

आता प्लॅस्टिकचं. प्लॅस्टिक म्हणजे फार लांब साखळ्यांसारखे कण एकमेकांत गुंतलेले असतात. नुसत्या साखळ्यांनी काम भागत नाही. मऊपणा यावा, रंग यावा, ऊन लागून तडे जाऊ नयेत, म्हणून कारखान्यात आणखी निरनिराळी द्रव्यं त्यांत मिसळतात. ही द्रव्यं साखळ्यांना पक्की बांधलेली असतातच असं नाही. काही नुसती फटींत बसलेली असतात. थंड आणि कोरड्या पदार्थात ती जागची फारशी हलत नाहीत. उष्णता मिळाली, तेल-तूप भेटलं, चिंच-टोमॅटोचा आंबटपणा लागला, की ती सुटून अन्नात उतरू लागतात. डबा जुना असेल, घासून-घासून ओरखडे पडलेले असतील आणि अन्न त्यात बराच वेळ राहिलं असेल, तर आणखी उतरतात.

भाचीनं एक खूण सांगितली, ती मला फार पटली. प्लॅस्टिकच्या डब्यात गरम आमटी ठेवली तर हळदीचा पिवळा डाग पडतो आणि राखेनं घासला तरी जात नाही. स्टीलच्या डब्याला तो पडत नाही. म्हणजे हळद प्लॅस्टिकच्या अंगात शिरली. ‘‘मावशी, आमटीतलं डब्यात जाऊ शकतं, तसं डब्यातलं आमटीत येऊ शकतं. वाट एकच आहे,’’ ती म्हणाली.

या द्रव्यांपैकी दोघांची नावं ऐकून ठेवा. एक थॅलेट्स. प्लॅस्टिक लवचीक करण्यासाठी, विशेषतः पीव्हीसीत, ती घालतात. दुसरं बिस्फेनॉल ए. काचेसारखं पारदर्शक आणि टणक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक त्यापासून करतात. आपल्या शरीरात अनेक ग्रंथी असतात. त्यांचे रस रक्तातून निरोप पोचवतात. वाढ, पाळी, गर्भधारणा ही सारी त्या निरोपांवर चालतात. ही द्रव्यं त्या निरोप्यांची नक्कल करू शकतात किंवा त्यांच्या वाटेत येऊ शकतात. म्हणून तान्ही मुलं आणि गरोदर बाया यांच्यासाठी जास्त जपायचं.

ही काही नुसती गावगप्प नाही. पॉलिकार्बोनेटच्या दूध पाजायच्या बाटल्यांवर २०१० साली कॅनडानं, २०११ साली युरोपीय संघानं आणि २०१२ साली अमेरिकेनं बंदी घातली. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनं २०१५ साली बाळांच्या बाटल्यांचं जे मानक ठरवलं, त्यात या प्लॅस्टिकला मनाई केली. बिस्फेनॉल ए किती प्रमाणात पोटात गेलं तर चालेल याची मर्यादा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ साली एकदम वीस हजार पटींनी खाली आणली. डिसेंबर २०२४मध्ये युरोपीय संघानं अन्नाला लागणाऱ्या भांड्यांत आणि वेष्टनांत ते वापरण्यावर बंदीचा नियम केला आणि कारखान्यांना बदलासाठी मुदत दिली. आधी चालतं म्हणून ठरवलेली गोष्ट पुढं चालत नाही असं ठरलं. आपण आधीपासून जपलं तर काय बिघडलं?

शिवाय प्लॅस्टिकचे बारीक कणही गळतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. खरगपूरच्या आय. आय. टी.मध्ये २०२० साली कागदी पेल्यांची तपासणी झाली. हे पेले वरून कागदाचे दिसले तरी आतून त्यांना प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. अशा पेल्यात शंभर मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं, तर त्यात सुमारे पंचवीस हजार बारीक कण उतरले. त्याच वर्षी आयर्लंडमधल्या डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी पॉलिप्रॉपिलीनच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या. गरम पाण्यात दूध कालवलं तर एका लिटरमागं एक कोट साठ लाखांपर्यंत कण उतरतात, आणि पाणी जितकं जास्त गरम तितके कण जास्त, असं त्यांना आढळलं. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात २०२३ साली थेट मायक्रोवेव्हचीच परीक्षा झाली. काही डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटर जागेतून, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेतून, तीन मिनिटांत चाळीस लाखांवर बारीक कण सुटले आणि त्याहून सूक्ष्म कण तर दोनशे कोटींवर सुटले. फ्रीजमध्ये किंवा घरात नुसतं ठेवल्यानंही काही महिन्यांत कण सुटतात. पण यंत्रात तापवल्यावर सर्वांत जास्त सुटतात, असं त्यात दिसलं.

आकडे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. भाची म्हणाली, ‘‘मावशी, घाबरून जाऊ नकोस. एवढे कण पोटात जाऊन नेमकं काय होतं याचा शोध अजून चालू आहे. एक दिवस असं खाल्लं म्हणून कुणी आजारी पडत नाही. प्रश्न रोजचा आहे. रोज थोडं-थोडं, वर्षानुवर्षं, आणि तेही लहान मुलाच्या पोटात. जे टाळायला दोन काचेचे वाडगे पुरतात, ते का टाळू नये?’’

मग तिनं आमचा श्रीखंडाचा डबा मागवून घेतला आणि उलटा केला. बुडाशी तीन बाणांचा त्रिकोण असतो आणि आत आकडा असतो. हा आकडा म्हणजे ‘चांगला डबा’ असा दाखला नव्हे. प्लॅस्टिक कुठल्या जातीचं आहे एवढंच तो सांगतो. पहिला आकडा पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्यांवर दिसतो. हे प्लॅस्टिक सत्तर अंशांच्या आसपासच नरम पडू लागतं. म्हणून त्या बाटलीत गरम पाणी किंवा चहा कधी भरू नये. दोन आकड्याचं जाड प्लॅस्टिक डब्यांचं आणि कॅनचं. तीन म्हणजे पीव्हीसी; त्याला गरम अन्नाजवळही नेऊ नये. चार म्हणजे पातळ पिशव्यांचं पॉलिथीन. पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या साऱ्यांत उष्णता जास्त सोसणारं. सहा म्हणजे पॉलिस्टायरीन, आपल्या लग्नांतल्या थर्माकोलच्या ताटल्या त्याच जातीच्या. सातात बाकीची सारी जमा, पॉलिकार्बोनेटही त्यातच.

‘‘मग पाच आकड्याचा डबा यंत्रात चालेल ना?’’ सुनेनं विचारलं. आमच्या डब्यावर पाचच होता. भाची म्हणाली, ‘‘श्रीखंडाचा डबा पातळ असतो, थंड श्रीखंड भरायला केलेला. आकडा पाच असला तरी तो तापवायला केलेला नाही. काही जाड डब्यांवर लहरींच्या रेघांची खूण असते आणि मायक्रोवेव्हला चालेल असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ हा डबा यंत्रात वाकणार नाही, वितळणार नाही. त्यातून अन्नात कणभरही काही उतरणार नाही, असा अर्थ त्याचा नव्हे. मी स्वतः अशा डब्यातही अन्न तापवत नाही. नेते त्यात, तापवते काचेत.’’

नुसतं ‘बिस्फेनॉल ए नाही’ असं लिहिलेलं पाहूनही निर्धास्त होऊ नये. ते एक नसलं तरी बाकीची द्रव्यं असू शकतात, आणि कण तर सुटतातच. दिसायला चिनी मातीसारख्या असणाऱ्या मेलामाइनच्या ताटल्यांचंही असंच. टिकाऊ खऱ्या, पण यंत्रात घालायच्या नाहीत आणि आंबट कढत पदार्थ त्यांत वाढायचे नाहीत.

आता त्या मोबाइलवरच्या निरोपाचं. त्यात लिहिलं होतं, की मायक्रोवेव्हमध्ये डायॉक्सिन तयार होतं. भाचीनं ते खोडून काढलं. डायॉक्सिन हे फार वाईट विष, यात शंका नाही. पण डबा गरम झाल्यानं ते होत नाही. प्लॅस्टिक जळलं, धुमसलं, त्यातही पीव्हीसीसारखं क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक जळलं, की ते होतं. हे सांगता-सांगता ती एकदम थांबली आणि मला म्हणाली, ‘‘मावशी, सकाळी बंब कशानं पेटवतेस?’’

बायांनो, इथं माझी मान खाली गेली. पावसाळ्यात सरपण ओलं असतं. मग बंबात दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या, खताच्या पोत्याचा तुकडा, तुटकी चप्पल, जे हाताला लागेल ते घालायचं. भडकन पेट घेतं. काळा धूर घरभर होतो, आणि आंघोळीची वाट पाहत नातू तिथंच शेजारी बसलेला असतो. जे विष मी सुनेच्या यंत्रात शोधत होते, त्याची भीती खरी तर माझ्या बंबापाशी होती. तीच राख मी परसातल्या दोडक्याच्या वेलाला घालत होते. हे विष लवकर नाहीसं होत नाही. ते मातीत राहतं, चाऱ्यावर बसतं, गुरांच्या चरबीत साठतं आणि दुधातून पुन्हा आपल्याकडेच येतं. मी सुनेकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर बोलले असते!

त्या दिवसापासून आमच्या बंबात प्लॅस्टिकचा तुकडा जात नाही. चिपाडं, तुरकाठ्या, वाळलेल्या शेण्या पावसाळ्याआधी छपराखाली रचून ठेवायच्या, असं ठरलं आहे. रिकाम्या पिशव्या धुऊन एका पोत्यात साठवायच्या आणि भंगारवाल्याला द्यायच्या.

चहाच्या पिशवीचंही तेच. पातळ पॉलिथीन आणि त्यात उकळता चहा, यापरता वाईट जोड नाही. २०१८ साली महाराष्ट्र सरकारनं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, पण टपरीवर आणि बांधावर ती अजून मुरलेली नाही. आमच्या घरी स्टीलची जुनी किटली माळ्यावर पडली होती. ती घासून काढली. चहा आता किटलीतून जातो, आणि सोबत स्टीलचे पेले. गडी म्हणाले, ‘‘काकी, चहाची चव सुधारली.’’ चहा तोच, पत्ती तीच!

भाकरीचंही ध्यानात घ्या. तव्यावरची वाफाळती भाकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली, की ती घामेजते, चिकट होते आणि पिशवीही अंगाला घेते. आपल्या आयांचं सुती फडकं काय वाईट होतं? कोरड्यास स्टीलच्या डब्यात, भाकरी फडक्यात, लोणचं चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत. लोणच्यात तेल, मीठ आणि आंबट तिन्ही असतं आणि ते वर्षभर मुरतं. त्याला प्लॅस्टिकची बरणी नकोच. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत पिण्याचं पाणी किंवा पीठ भरू नका. आणि औषधफवारणीच्या रिकाम्या कॅनबद्दल तर हात जोडून सांगते. कितीही धुतला तरी तो घरात आणू नका. तेल, रॉकेल, पाणी, काहीच त्यात भरू नका. तिथं वर्षानुवर्षांचा प्रश्न नाही. एका घोटाचा आहे.

आता यंत्र घरात असेल तर ते कसं वापरायचं, ते सांगते.

अन्न आधी डब्यातून काढून काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात घ्या, मग तापवा. काच उष्णता सोसणारी, त्यासाठीच केलेली असावी. साधा काचेचा पेला फ्रीजमधून काढून एकदम तापवला तर तडकतो. चिनी मातीच्या बशीला सोनेरी किंवा चंदेरी काठ असेल तर ती नको. धातूच्या रेघेला ठिणग्या उडतात. त्याच कारणानं स्टीलचा डबा, पितळेची वाटी, चमचा, बाजारातल्या पराठ्याची चंदेरी कागदी गुंडाळी, काहीही आत जाता कामा नये.

वर झाकायला प्लॅस्टिकचा पापुद्रा लावू नका. उलटी बशी ठेवा. झाकण घट्ट बसवू नका; वाफेला वाट हवी, नाहीतर भांडं फुटतं. सालासकट अंडं आत ठेवू नका, ते बाँबसारखं उडतं. नुसतं पाणी तापवलं तर कधी कधी ते उकळल्यासारखं दिसत नाही, आणि हलवलं किंवा पत्ती टाकली की एकदम उसळून हातावर येतं. म्हणून बाहेर काढण्याआधी मिनिटभर थांबा.

यंत्रात अन्न सारखं तापत नाही. एका कडेला कढत, मध्ये गार. निम्म्यात थांबवून ढवळा, पुन्हा लावा आणि काढल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं, बाळाचं दूध. ते यंत्रात गरम करूच नका, बाटली कुठल्याही आकड्याची असो. एक तर प्लॅस्टिकचा प्रश्न, आणि दुसरं म्हणजे दूध मध्येच एखाद्या ठिकाणी कढत होतं. बाटली बाहेरून कोमट लागते आणि बाळाचं तोंड पोळतं. स्टीलच्या भांड्यात दूध घ्या, ते भांडं गरम पाण्यात ठेवा, ढवळा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, असं डॉक्टर सांगतात. बाटलीचं बूच आणि कोपरे नीट धुतले जात नाहीत, वाटी पूर्ण स्वच्छ होते. बाटलीच लागत असेल, तर दूध स्टीलच्या भांड्यात तयार करून कोमट झाल्यावरच बाटलीत भरा.

यावरून घरातलं सारं प्लॅस्टिक उकिरड्यावर फेकू नका. डाळी-कडधान्यं, साखर, फ्रीजमधली निवडलेली भाजी, अशा थंड आणि कोरड्या जिनसांना अन्नासाठी केलेला चांगला डबा चालतो. फक्त गरम, तेलकट आणि आंबट यांची प्लॅस्टिकशी गाठ घालू नका. डबा पिवळा पडला, आतून ओरखडला, वास धरू लागला, की त्याची स्वयंपाकघरातली नोकरी संपली. मग त्यात खिळे-मोळे ठेवा, दोऱ्याची रिळं ठेवा. आमचा तो वाकडा श्रीखंडाचा डबा आता ह्यांच्या मोटरीच्या नटबोल्टांसाठी गोठ्यात गेला आहे.

दादांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर एक सांगते. घरात यंत्र आणता तेव्हा त्यासोबत काचेचे दोन वाडगेही आणत चला. बैल आणला आणि वेसण विसरली, असं कुणी करतं का?

अबोल्याचं काय झालं, हे सांगायचं राहिलंच. सोमवारी सून शाळेतून येताना तालुक्याहून झाकणाचे दोन काचेचे वाडगे घेऊन आली. मी तोवर चुलीमागच्या खुंटीला अडकवलेला पिशव्यांचा गठ्ठा काढून पोत्यात भरला होता. तिनं वाडगे ओट्यावर ठेवले, मी पोतं दाखवलं. ‘‘आत्या, आज कालवण कशाचं?’’ तिनं विचारलं. ‘‘वांग्याचंच,’’ मी म्हटलं. यंत्र जागच्या जागी आहे. नातू स्टीलच्या वाटीतून दूध पितो, निम्मं अंगावर सांडतो. ते पुसायला आजी आहेच.

तुमच्या घरी गरम डबे कशातून जातात, बंब कशानं पेटतो, तेही एकदा पाहा. आणि काही अडलं तर पत्र टाका. पुढल्या आठवड्यात भेटू.

तुमचीच एक बहीण